बारक्याने वळून पाहिलं नाही

१

सुरतेच्या मराठी मंडळाच्या लोखंडी कपाटातून गणपतीचा चांदीचा मुकुट नाहीसा झाल्याचं गुरुवारी सकाळी कळलं, आणि दुपारच्या चहापर्यंत चोरही ठरला. इतक्या झटपट ठरायचं कारण सोपं होतं. तो आदल्या संध्याकाळी पांडेसऱ्याच्या रस्त्यावर ट्रकखाली सापडून मेला होता आणि त्याच्या बाजूने बोलायला कोणी उभं नव्हतं.

पंडित बोरसे त्याचं नाव. मूळचा शहाद्याकडचा. राहायला बमरोलीत, काम सांचे चालवण्याचं, म्हणजे यंत्रमागावर साडीचं कापड काढण्याचं. पण सुरतेतली मराठी माणसं त्याला ओळखायची ती बारक्या म्हणून. दर माघी गणेश जयंतीला मंडळाच्या हॉलमध्ये 'हेर मार्तंड'चं नवं नाटक व्हायचं. मार्तंड हा हातात काठी घेऊन फिरणारा असा हेर, की समोर आलेल्या माणसाच्या चपलेवरची धूळ बघून त्याची सात पिढ्यांची कुंडली मांडायचा. बारक्या हा त्याचा विश्वासू साथीदार. तो मार्तंडाच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचा, आणि त्या बघण्यावरच निम्मं थिएटर लोळायचं.

मार्तंड म्हणजे अरविंद पुराणिक. बँकेत अधिकारी, नाटकं लिहायचा तोच, बसवायचा तोच, आणि मुख्य भूमिकाही दुसऱ्या कुणाला मिळू नये याची काळजी घ्यायचा तोच. मुकुट आणि पंडित या दोन्ही बातम्या त्याला एकाच फोनवर कळल्या. फोन ठेवून तो जेवला. वरण आळणी झालंय हे बायकोने, वंदनाने सांगितलं तेव्हा त्याला कळलं.

फोन होता सेक्रेटरी भगवान देवरेंचा. भगवानरावांनी सगळं नीट सांगितलं होतं. बुधवारची तालीम चालू असताना लाइट गेली. अरविंद स्कूटर काढून घरी गेला, बाकीचे खाली अंगणात आले. भगवानराव कुलूप लावायला म्हणून जिन्यात शिरले, तर वर कपाटाच्या खोलीत खुडबूड. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.

"मी खालूनच विचारलं, कोण आहे रे? तर पंडित वरून म्हणाला, मी आहे, साहेबांची काठी ठेवतोय. मी म्हटलं, जाताना दार ओढून घे. हो म्हणाला. एवढंच. सकाळी चांदी घासायला कपाट उघडलं तर मुकुट नाही. त्यात ट्रकवाला सांगतो, मागून हॉर्नवर हॉर्न वाजवला, हा रस्त्यातून हललाच नाही. मनात पाप असलं की माणसाला काही सुचत नाही, अरविंदराव."

मुकुट मात्र पंडितच्या पिशवीत मिळाला नव्हता. रस्त्यावरच्या गर्दीत कुणीतरी लांबवला असेल, असं भगवानरावांचं म्हणणं.

२

"त्याच्या दारावर जाऊन यायला हवं तुम्ही," शुक्रवारी वंदना म्हणाली. "मंडळातलं कुणी गेलेलं नाही. गेल्या रविवारी भगवानभावजींच्या वास्तुशांतीला कामरेजपर्यंत टेम्पो करून गेलं सगळं मंडळ. आणि इथे बमरोलीला जायला पाय जड झालेत."

"मी नव्हतो कामरेजला."

"तुम्ही नव्हताच. तुम्हाला संवाद लिहायचे होते. बरंच झालं. मूर्ती वीतभर आणि मुकुट एवढा थोरला, की गणपतीच्या डोळ्यांवर येत होता. फुलांखाली झाकलेलं, पण मी ओवाळायला जवळ गेले तर आत चक्क कापूस कोंबलेला. हौस बाई एकेकाची."

अरविंदचं लक्ष नव्हतं. पंडितच्या घराचा पत्ता आपल्याला ठाऊक नाही, हे त्याच्या त्याच क्षणी ध्यानात आलं होतं. काही निरोप असला की तो बमरोलीच्या नाक्यावरच्या पीसीओला फोन लावायचा. पीसीओवाला पंडितला बोलवायला माणूस धाडायचा, आणि दर वेळी फोनवर यायची ती पंडितची मुलगी. तिचं नावही अरविंदने कधी विचारलं नव्हतं. पंडित फोनला बुजतो, एवढं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. मार्तंडाची अनुमानं अशीच चटपटीत असायची.

पीसीओवाल्यानेच घर दाखवलं. एका खोलीत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. पंडितची बायको भागीरथी कोपऱ्यात होती. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मुलीला म्हणाली, "कुंदन, भाऊले पानी दे." अरविंदला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भिंतीवर नाटकातला फोटो होता, त्यात तो स्वतः बोट उगारून उभा होता आणि पंडित त्याच्याकडे बघत होता. घरातल्या माणसाचा हा एवढाच फोटो असावा, कारण हार त्यालाच घातला होता.

"भाऊ, ते चोर नव्हते," भागीरथी म्हणाली. आवाज सपाट होता, रडून संपलेला. "तेराव्याला गंधमुक्ती आहे. कुंदनच्या होणाऱ्या सासरकडचे येणार आहेत शहाद्याहून. त्यांच्या कानावर गेलंय सगळं. ते म्हणतात, पंडितरावांचं मंडळ दारात आलं तर आम्ही समजू. नाही आलं तर सुपारी परत. माझं एकटीचं असतं तर मी गप बसले असते."

"मंडळाला मी सांगून बघतो."

"सांगून काय होईल? तुम्ही शोधून काढा. नाटकात काढता ना तुम्ही."

ती थट्टा करत नव्हती.

निघताना तिने कुंदनकडून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं आणवलं. आत मार्तंडाचे काळे बूट होते, पॉलिश केलेले, आणि टाचांना नवे कोरे लोखंडी नाल ठोकलेले.

"त्यांनी नाल मारून आणले. म्हणाले, साहेब चालले की स्टेजवर दणका कळला पाहिजे. बुधवारी घेऊन जायचं विसरले."

घरी आल्यावर अरविंदने बूट पलंगाखाली सरकवले. आपण नाल मारायला सांगितले नव्हते, हे त्याला पक्कं आठवत होतं.

३

सुमित हा बँकेतला नवा पोरगा. पुढेमागे मार्तंड व्हायची त्याला घाई होती, आणि कपाटाची एक किल्ली सामानाच्या खोलीत खिळ्याला लटकते हे तोही जाणून होता. शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक सुटल्यावर अरविंदने त्याला मंडळाच्या हॉलसमोर चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, गाठलं.

"माझ्यावर डाउट छे के काय, सर?" सुमित हसत म्हणाला. मग अरविंदचा चेहरा बघून नीट बोलू लागला. "लाइट गेली तसा मी इथेच आलो. लारीवर पेट्रोमॅक्स होता. पंडितकाका समोरून गेले, सायकल हातात धरून, खांद्याला पिशवी. म्हटलं, चहा पाजू. मी जोरात बूम पाडली, हाक मारली, पंडितकाका. पुन्हा पाडली. हे एवढं अंतर, सर. लारीवरची सगळी माणसं वळली. काकांनी बघितलंपण नाही. सीधे निघून गेले. तेव्हा काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मुकुटाचं ऐकलं, म्हटलं, असं होय."

"रागावला असेल कशावर."

"कोण, पंडितकाका? त्यांना राग येतो?"

मार्तंड रंगमंचावर बारक्याला टपल्या मारायचा आणि बारक्या दात काढायचा. उरलेल्या वेळात पंडितला राग येतो का, कशाचा येतो, हे अरविंदला कोण सांगणार.

चहा पिऊन झाला तरी तो बाकड्यावरून उठला नाही. भगवानराव सांगत होते त्याने पंडित चोर ठरत होता. सुमित सांगत होता त्यानेही पंडित चोरच ठरत होता. पण दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या की काहीतरी अडत होतं. गडद अंधारात, जिन्याखालून आलेल्या एका हाकेला पंडितने ओ दिली. आणि त्यानंतर लगेच, लख्ख उजेडात, हातभर अंतरावरून मारलेल्या दोन हाका त्याने सोडून दिल्या. लपायचं असतं तर तो अंधारात गप्प बसला असता. लपायचं नसतं तर उजेडात थांबला असता.

नाटकात अशा ठिकाणी मार्तंड काठी आपटायचा. अरविंदने नुसता कप खाली ठेवला.

४

निंबा पाटील पंडितच्याच खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, सांचे चालवायचा. मंडळाच्या नाटकांचं सामानसुमान तोच सांभाळायचा, त्यामुळे खिळ्यावरच्या किल्लीवर पहिला हक्क त्याचा. शनिवारी संध्याकाळी अरविंद बमरोलीला त्या खात्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

आत पाऊल टाकलं आणि त्या आवाजाने त्याच्या छातीतच धडधड सुरू झाली. डझनावारी सांचे एका वेळी आपटत होते. निंबाने त्याला लांबूनच पाहिलं. पलीकडच्या कारागिराकडे तोंड करून त्याने ओठ हलवले. त्याच्या घशातून आवाज निघाला की नाही कोण जाणे. कारागिराने अरविंदकडे बघून मान डोलावली, दोन बोटं उडवली, ओठ हलवले. निंबा हसला आणि बाहेर आला.

"काय म्हणालात त्याला?"

"म्हटलं, हाऊ पंडितना साहेब शे. तो म्हणतो, मार्तंड का? चहा पाज त्यांना."

"त्याला ऐकू कसं गेलं?"

"ऐकू कुठं जातं, साहेब. तोंड बघायचं. इथं सगळं तोंडावर चालतं. सांचा बिघडला तेही कान नाही सांगत, पाय सांगतात. फरशी वेगळी थरथरते. म्हणून तर आम्ही अनवाणी."

पंडित रंगमंचावर अनवाणीच असायचा. बारक्याला वहाणा दे म्हणून अरविंदने किती वेळा डोकं फोडलं होतं. साहेब, गरिबाचं सोंग आहे ना, असं म्हणून पंडित हसण्यावारी न्यायचा. काठी आपटायची कल्पनाही त्याचीच. तुम्ही पाठ करून बोलता तेव्हा शेवटी काठी आपटा, भारी वाटतं. अरविंद आपटायचा, आणि काठी आपटली की बारक्या बोलायचा. सगळ्यांच्या विनोदाला पंडित क्षणभर उशिरा हसायचा, आणि मंडळी म्हणायची, काय टायमिंग आहे. आणि ते टक लावून बघणं. आणि घरी पलंगाखाली पडलेले बूट, अनवाणी पायांना दणका कळावा म्हणून नाल मारलेले.

अरविंद दारातल्या खोक्यावर बसला. प्रश्न विचारणारा आवाज आपला आहे एवढंच त्याला कळत होतं.

"निंबाभाऊ, पंडितला ऐकू यायचं नाही. हो ना?"

निंबाने बिडी काढली, पण पेटवली नाही.

"शपथ घातली होती त्याने," तो म्हणाला. "आमचे सगळ्यांचेच कान अर्धे गेलेत, त्याचे पुरे गेले. चार-पाच वर्षं झाली असतील. पहिल्यांदा डाव्याचं गेलं, मग उजव्याचं. खात्यात कुणाचं अडलं नाही. पण मंडळात कळलं असतं तर बारक्याचं काम दुसऱ्याला दिलं असतं ना तुम्ही? कुणीही देईल. तेवढ्यासाठी लपवलं. बायकोला ठाऊक, पोरीला ठाऊक, मला ठाऊक."

"आणि रस्त्यावर?"

"मी सायकल मागे ठेवायचो ना त्याच्या. गाडी आली की पुढे होऊन हात लावायचो." निंबा बिडीकडे बघत राहिला. "बुधवारी मला डबल पाळी लागली."

खात्यातल्या सांच्यांची धडधड चालूच होती. पेटवायची राहिलेली बिडी निंबाने खिशात परत ठेवली.

५

रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये अरविंदखेरीज अध्यक्ष बळीरामअण्णा, भगवानराव, सुमित आणि निंबा एवढे चौघे जमले. अण्णा निवृत्त शिक्षक, त्यामुळे सगळ्यांना आपापल्या जागी बसवूनच त्यांनी सुरुवात केली. मुकुटाची पोलिसांत तक्रार द्यायची की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

"त्याआधी भगवानरावांनी बुधवारचं एकदा सांगावं," अरविंद म्हणाला.

भगवानरावांनी सांगितलं. शब्द न् शब्द तोच. अंधार, खुडबूड, कोण आहे रे, मी आहे, साहेबांची काठी ठेवतोय.

"तुम्ही जिन्याखाली, तो वरच्या खोलीत. तुमचं तोंड त्याला दिसत नव्हतं."

"अंधारात कुणाचं तोंड दिसतं, अरविंदराव?"

"मग त्याला तुमचा प्रश्न कळला कसा? पंडित ठार बहिरा होता."

सुमितने चमकून वर पाहिलं. अण्णांनी चष्मा काढला. अरविंद सांगत गेला, बँकेत कुणाला नियम समजावून सांगावा तसं. फोनवर न येणं, अनवाणी पाय, काठी, सुमितच्या दोन हाका, ट्रकचा हॉर्न. निंबाने मान डोलावून प्रत्येकावर शिक्का मारला. नाटकात असा प्रवेश अरविंदने कितीदा तरी रंगवला होता. टाळ्या कुठे पडतील तेही त्याला ठाऊक असायचं. आज त्याला वाटत होतं की हे लवकर संपावं आणि घरी जाऊन पडावं.

"म्हणजे तो संवाद झालाच नाही," तो म्हणाला. "तुम्ही तो रचलात. मुकुट बुधवारी संध्याकाळी गेला असं आम्हाला वाटावं म्हणून. पण तो आधीच गेला होता. कामरेजला, तुमच्या वास्तुशांतीला. वीतभर मूर्तीच्या डोळ्यांवर येत होता. आत कापूस कोंबलेला होता, वंदनाने पाहिलाय."

भगवानरावांनी नाही म्हटलं नाही. ते खुर्चीत हळूहळू लहान होत गेले.

"एका दिवसासाठी नेला होता," ते अखेर म्हणाले. "देवाचा मुकुट नव्या वास्तूत एकदा लागला म्हणजे बरं, असं बायकोच्या मनात होतं. बाहेर न्यायचा नाही हा नियम मीच केलाय, मग विचारू कुणाला? येताना मंडळाच्या टेम्पोत सगळे, म्हणून मी पोराला घेऊन मागाहून आलो. रिक्षा केली. पिशवी मागच्या फळीवर ठेवली आणि उतरलो तेव्हा पोराचा हात धरायच्या नादात तिथेच राहिली. दोन दिवस रिक्षावाल्यांकडे वेड्यासारखा हिंडलो, अण्णा. गुरुवारी कपाट उघडायचंच होतं. आणि बुधवारी पंडित गेल्याचं कळलं."

पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही.

"मला वाटलं, त्याला आता काय फरक पडतो," ते म्हणाले. "त्याला मुलगी आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

अरविंदने त्यांच्याकडे पाहिलं. संताप यायला हवा होता. पण त्या मुलीचं नाव आपल्याला तरी कधीपासून ठाऊक आहे, हा हिशेब त्याच्या मनात आधीच झाला होता.

अण्णांनी चष्मा चढवला. "मुकुट पुन्हा घडवता येईल," ते म्हणाले. "तेराव्याला आपण सगळे बमरोलीला जाणार. भगवान, तू पुढे. जे इथे सांगितलंस ते शहाद्याच्या पाहुण्यांसमोर सांगायचं."

६

गंधमुक्तीला मंडळाची माणसं दोन टेम्पो भरून आली. भगवानरावांनी सांगायचं ते सांगितलं. सांगून झाल्यावर पाहुण्यांतल्या म्हाताऱ्याने त्यांना पाणी दिलं. मग त्याच म्हाताऱ्याने कुंदनला बोलावून आपल्या शेजारी बसवलं. तिच्याशी तो काय बोलला ते कुणाला ऐकू गेलं नाही, पण भागीरथीने डोळे मिटून घेतले.

पहिली पंगत उठली. अरविंद हात धुऊन फोटोखाली बसला होता. भागीरथी त्याच्याजवळ आली, थोडं अंतर ठेवून बसली.

"तुम्ही शोधून काढलं," ती म्हणाली. "मला ठाऊकच होतं."

तिने वर फोटोकडे पाहिलं.

"एक विचारायचं होतं, भाऊ. त्यांचं ऐकायचं गेलं ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. मी म्हणायची, तुमच्या साहेबांना तरी सांगा, एवढा मोठा माणूस, समजून घेईल. तर हसायचे. म्हणायचे, मार्तंडापासून काय लपतं? साहेबांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणून तर बोलताना माझ्याकडे तोंड करतात, पाठ वळवली तर काठी वाजवतात. पण साहेब कधी कुणाला बोलले नाहीत, आपल्याला माहीत आहे हे मलासुद्धा कळू दिलं नाही. असा माणूस आहे, म्हणायचे." ती थांबली. "माझ्या मनाला उगीच लागून राहिलंय. तुम्हाला माहीत होतं ना?"

अंगणात पत्रावळी मांडल्या जात होत्या. आपण पंडितकडे तोंड करून का बोलायचो, हे अरविंदला चांगलंच ठाऊक होतं. त्या चेहऱ्यावर आपलं कौतुक दिसायचं, आणि ते बघत राहावंसं वाटायचं. दुसरं काही कारण नव्हतं.

तो भागीरथीकडे पुरता वळला. तिला आपले ओठ नीट दिसतील असा, सवयीने.

"हो, वहिनी," तो म्हणाला. "माहीत होतं."

तिने पदराने चेहरा पुसला. "तेच," ती म्हणाली. "तेच ते म्हणायचे." आणि दुसऱ्या पंगतीला वाढायला उठून गेली.